पंचामृत प्यालेली नळी

या मंडळी, असे पुढे सरका. त्या खांबाला टेकलेल्यांनीही जवळ यावे, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका भल्या माणसाच्या शरमेची आहे, आणि दुसऱ्याच्या शरमेची गोष्ट हळू आवाजातच सांगावी. हसू आले तर खुशाल हसा. देवाच्या दारात हसायला बंदी कोणी घातली आहे?

तर हळर्णच्या गोकुळदासाने खंडेनवमीला आपल्या बंदुकीला पंचामृताचा अभिषेक केला.

बंदूक परवान्याची होती, रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली. दरवर्षी ती कोयत्या-कुदळींच्या शेजारी पाटावर बसे, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल घेई आणि दसरा उलटला की पुन्हा कपाटात जाई. पण त्या वर्षी गोष्ट निराळी होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी डिचोलीजवळ एका जुन्या चिरेखाणीत तबकड्यांची नेमबाजी ठरली होती. यंत्रातून बशीएवढी मातीची तबकडी हवेत उडते आणि ती खाली यायच्या आत छर्ऱ्यांनी फोडायची. पेडण्याच्या बाजूने हळर्णचे तिघे जायचे होते: गोकुळदास, त्याचा लहानपणापासूनचा सोबती सगुण, आणि बाबुराव. समोर आमोण्याचा संघ होता.

एवढ्या मोठ्या कामाला नुसते हळदकुंकू कसे पुरणार? गोकुळदासाने दूध, दही, तूप, मध, साखर घेतली आणि वरून शहाळ्याचे पाणी ओतले.

"अहो, लोखंडाक पंचामृत?" त्याची बायको कमलाक्षी दारातून म्हणाली.

"देवाक चलता तर लोखंडाक कित्याक नाय?"

"देव गंजत नाय."

त्यावर गोकुळदासाने मोठ्याने मंत्र म्हणायला सुरुवात केली. संसारात हा उपाय पुष्कळदा चालतो.

आता या बंदुकीबरोबर बोटाएवढ्या तीन नळ्या होत्या. त्यांना चोक म्हणतात. बंदुकीच्या तोंडात यातली एक आटे फिरवून बसवायची. उघडी नळी लावली तर छर्रे सुपासारखे पसरतात, आवळ नळी लावली तर मुठीसारखे एकत्र जातात, आणि मधली ती मधली. गोकुळदासाने तिन्ही नळ्या पंचामृतात बुडवल्या. त्यातली आवळ नळी त्याला दिसायला देखणी वाटली, म्हणून ती तशीच ओली बंदुकीत फिरवून बसवली. पुसली नाही. तीर्थ कोणी फडक्याने पुसतो का? आणि पाटावर बसवलेली आयुधे दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, हा तर रिवाजच.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने उघडी नळी लावावी म्हणून आवळ नळीला चावी लावली. नळी हलेना. राकेल घातले, खोबरेल घातले, गरम पाण्याचे फडके गुंडाळले. शेवटी बंदूक दोन गुडघ्यांत धरून, दात-ओठ खाऊन तो चावी पिळत होता, आणि नेमका सगुण अंगणात उभा राहिला.

"काय करतंस रे?"

इथे, मंडळी, खरे सांगायला चार शब्द लागले असते. मी अभिषेक केला आणि नळी चिकटली, संपले. सगुण पोट धरून हसला असता आणि दुपारपर्यंत विसरला असता. पण भजनाला टाळ धरणारा आणि गावाला शास्त्र सांगणारा माणूस असे चार शब्द सहजासहजी बोलत नाही.

"नळी घट्ट करतंय," गोकुळदास म्हणाला. "तबकडीक आवळ नळीच व्हयी. मी इचार केलंय."

"आवळ? बाबुराव तर म्हणता उघडी."

"बाबुरावाचो अभ्यास कमी."

सगुणने मान डोलावली आणि तो घरी गेला. पण वाटेत देऊळ होते, देवळासमोर चहाचे दुकान होते, आणि दुकानात बाबुराव होता. संध्याकाळी बाबुराव दहा माणसे घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर हजर झाला.

"गोकळू, हिशोब सरळ आसा," बाबुराव म्हणाला. "तबकडी वीस पावलांर फुटता. तितक्यात आवळ नळीचे छर्रे ताटलीएवढेच पसरतत, उघडीचे सुपाएवढे. उडत्या माशीक तू ताटलीन मारशीत काय सुपान?"

प्रश्न बिनतोड होता. गोकुळदासालाही तो मनातून पटला, आणि पटला म्हणूनच त्याचा आवाज चढला.

"अर्जुनान काय केल्यान?" त्याने विचारले. "झाड बघितल्यान? फांदी बघितल्यान? डोळो बघितल्यान! पक्ष्याचो डोळो! अर्जुन सूप घेवन गेल्लो काय द्रोणाचार्यांपुढे?"

"अर्जुनाकडे बाण होतो. आमच्याकडे छर्रे आसत."

"भाव आसलो की छर्रोय बाण जाता!"

मंडळी "वा!" म्हणाली. इतकी वर्षे कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून गोकुळदासाला कुठे आवाज उतरवावा आणि कुठे हात वर करावा ते पक्के कळले होते. पाऊण घटका निरूपण झाले. शेवटी कोणीतरी जयजयकार केला आणि हळर्णचा संघ आवळ नळीने खेळणार असे ठरले. बाबुराव एकटा तोंड वाकडे करून नळी बदलायला घरी गेला. गोकुळदासही घरी आला, पण त्याला त्या रात्री जेवण गेले नाही.

रविवारी खाणीत दोन टेम्पो भरून हळर्णकर उतरले. बरोबर झेंडूचे तीन हार. प्रत्येकाला पंचवीस तबकड्या होत्या. आमोण्याकडून पहिली उभी राहिली पद्मावती, शाळेत गणित शिकवणारी बाई. तिने पदर खोचला, बंदूक खांद्याला लावली आणि एकोणीस तबकड्या फोडल्या.

"बाय, नळी खंयची?" हळर्णच्या गर्दीतून कोणीतरी विचारले.

"उघडी," ती म्हणाली. "आणि कसली आसतली?"

गर्दीने वळून गोकुळदासाकडे पाहिले. गोकुळदासाने आकाशाकडे पाहिले.

बाबुरावाने सात फोडल्या. गोकुळदासाने तीन, आणि त्यातली एक यंत्रातूनच फुटकी बाहेर आली होती असे आमोणेकर म्हणत होते. पण खरा घाव पुढे होता. सगुण उभा राहिला. सगुण म्हणजे ज्याला पाहून जत्रेतला फुगेवाला हात जोडायचा, "काका, पुढच्या दुकानात जावा," म्हणायचा, तो सगुण. त्याच्या पंचवीस बारांत दोन तबकड्या फुटल्या. एकदा तर तबकडी जमिनीवर पडून स्वस्थ बसली, आणि मग बार उडाला.

सगुणने बंदूक उघडून खांद्यावर टाकली. कोणाकडे न बघता तो टेम्पोत जाऊन बसला. हार तिथेच एका चिऱ्यावर राहिले.

"गोकळूच्या नळीन सगुणाचा नाव बुडयला," परतीच्या वाटेवर कोणीतरी म्हणाले. गोकुळदासाला वाटले, टेम्पोच्या फळीत एखादी भेग असती तर आपण तिच्यातून खाली गळून गेलो असतो.

चार दिवस तो घराबाहेर पडला नाही. कमलाक्षीने पेज पुढे ठेवली आणि म्हणाली, "सगळा सांगून टाका. पोटात ठेवून पेज तरी खंय जातली?"

एकादशीच्या संध्याकाळी देवळात गुरुदासबुवांचे कीर्तन होते. गोकुळदास नेहमीप्रमाणे मागे टाळ घेऊन उभा. बुवा पूर्वरंगात सांगत होते, "बाबांनो, पायात काटा मोडला तर आपण चारचौघांत बसून काढून घेतो. मग मनात मोडला तर का लपवावा?" आणि टाळ थांबले.

बुवांनी मागे पाहिले. "गोकुळदास?"

"बुवानू, माका बोलाचा आसा." आणि मग, मंडळी, त्या माणसाने अंगावरचे उपरणे दोन्ही हातांनी घट्ट धरून सगळे सांगितले. दूध, दही, शहाळे, चिकटलेली नळी, अर्जुन, सगळे. "माझी नळी निघत नव्हती म्हणून मी तुमका सगळ्यांका आवळ नळी लावूक लावली. सगुणासारख्या नेमबाजाचा हसा केलंय. माझी चूक."

मग बायकांच्या बाजूने पहिले हसू फुटले, आणि बुवांनी चिपळ्या तोंडावर धरल्या तेव्हा सगळा सभामंडप हसायला लागला. गोकुळदासाचे कान तापले होते, तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे वाटले. त्या भरात तो थांबला असता तर बरे झाले असते.

"आणि मी हेची भरपाय करतलंय!" तो ओरडला. "आमोण्याक परत बोलवया. सगुणाक उघडी नळी लावून उभो करया. वीस फोडल्यान नाय तर माझा नाव बदला!"

बाबुरावाने लगेच निरोप धाडला. पद्मावतीबाईंचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले: या की येत्या रविवारी, तबकड्या पुष्कळ उरल्या आहेत.

उत्तर आले आणि पाठोपाठ सगुण आला. गोकुळदास कुळागरात, म्हणजे घरामागच्या बागेत, पाट फोडून पोफळींना पाणी सोडत होता. सगुणचा चेहरा पाहून त्याच्या हातातले खोरे तसेच राहिले.

"मी वीस फोडतलंय असा तुका कोणी सांगितल्यान?"

"अरे, मी तुझा नाव साफ केलंय."

"साफ?" सगुण पोफळीला हात टेकून उभा राहिला. "माझ्या बंदुकीत नळी खंयची होती, ठाऊक आसा? उघडी. बाबुरावाचा बोलणा माका पटला होता. तुका वायट वाटतला म्हणून गप रवलंय, आणि उघडीच लावून गेलंय."

"मग दोनच?"

"माका तबकडी दिसना रे." सगुणचा आवाज एकदम बारीक झाला. "यंत्राचो आवाज येता, ठप्प. मगे मी अंदाजान बार काढतंय. वर्स झाला. डोळ्यांपुढे धुक्या आसल्यासारख्या. बायको शेवंती म्हणता डाक्टराकडे चला. मी म्हणतंय, तुझ्या डोळ्यांक झाला आसतला. हळर्णात सगुण म्हटला की नेम. नेम गेलो तर रवला काय? तुझ्या नळीन माका वाचयल्यान होता, गोकळू. लोक तुका हसत होते. आता येत्या आयतवारी माका हसतले."

गोकुळदास खाली बसला. पाणी त्याच्या पायांवरून वाहत होते. दोन गोष्टी त्याला एकाच वेळी कळल्या: हा माणूस वर्षभर न दिसता बंदूक धरत होता, आणि हा माणूस आपले वाईट वाटू नये म्हणून गप्प बसला होता.

"तुझी बंदूक आज कुलपात," तो म्हणाला. "चावी माझ्याकडे. आणि बुधवारी म्हापश्याक डोळ्यांच्या डाक्टराकडे. गावात मी सांगतंय, सुपारीचो भाव बघूक जातंव म्हणून."

"आणि आयतवार?"

"आयतवार माझ्यार सोड."

संध्याकाळी तो देवळासमोरच्या दुकानात गेला. सगळे तिथेच होते. त्याने उभ्या-उभ्याच सांगितले, "मी आयतवारी येवचंय नाय. आमोणेकरांपुढे परत उभो रवाक माझो धीर जायना." तिघांच्या संघात तिघे हवेत. चौथी बंदूक गावात नव्हती. सामना आपोआप बारगळला.

"म्हणजे?" बाबुराव उसळला. "काल देवापुढे गर्जना करून आज भिलंस? सगुण बिचारो नाव परत मिळवूक तयार, आणि तू शेपूट घालतंस?"

"व्हय. भिलंय."

"भित्रो!" कोणीतरी म्हणाले. कोणी अर्जुनाचे नाव घेतले, आणि दुकान पुन्हा हसले. कोपऱ्यातल्या बाकावर सगुण मान खाली घालून बसला होता. त्याचा चहा निवून गेला होता.

घरी कमलाक्षीने चेहरा पाहिला. "परत काय खोटा बोल्लात?"

"व्हय."

"कोणासाठी?"

गोकुळदास पाट ओढून ताटापुढे बसला. तिने त्याच्या ताटात भात वाढला, एरवीपेक्षा दोन डाव जास्तच.

मोतीबिंदू निघाला, आणि शस्त्रक्रिया महिन्याभरात झाली. डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशी गोकुळदास खाटेशेजारी बसला होता. सगुणने डोळे मिचकावले, खिडकी पाहिली, भिंतीवरची पाल पाहिली, आणि मग गोकुळदासाकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिला.

"काय रे? दिसता मां?"

"दिसता," सगुण म्हणाला. "गोकळू, तू इतको म्हातारो कधी झालंस? आणि माका कोणी सांगूक कसा नाय?"

दोघे हसले, मग दोघेही रडले. नर्सबाई धावत आली आणि ताज्या डोळ्यांना पाणी लागू द्यायचे नाही म्हणून दोघांनाही रागावली.

हळर्णात आजही गोकुळदासाला कोणी नेमबाज म्हणत नाही. बाबुराव तर त्याला अजून भित्राच म्हणतो, आणि तो नुसता मान हलवतो. तेव्हा मंडळी, एक मागणे आहे. आता आरती होईल, तुम्ही डोळे मिटाल, आपापल्या माणसांसाठी काहीबाही मागाल. त्यात एक क्षण त्या गोकुळदासाची आठवण काढा. मात्र का काढली ते बाबुरावाला कळू देऊ नका.