श्रीपादच्या बासला नवी घोडी

दोष घोडीचा आहे, असं श्रीपादनं गुरुवारी चहा पिता पिता ठरवलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

घोडी म्हणजे डबल बासच्या तारा जिच्यावर टेकतात ती लाकडाची उभी पट्टी. आणि डबल बास म्हणजे व्हायोलिनचा खानदानी थोरला काका. माणसापेक्षा उंच, आणि भोरमधल्या श्रीपादच्या दोन खोल्यांत फ्रिजपेक्षा जास्त जागा अडवून उभा. पतसंस्थेतून घरी आला की श्रीपाद त्याच्यावर गज फिरवायचा, आणि आतून असा आवाज निघायचा की समोरच्या ठकुबाईंची म्हैस पान्हा चोरायला लागली. (दोष वाजवणाऱ्यात असू शकतो, ही शक्यता श्रीपादनं तपासली होती. तथ्य आढळलं नाही.)

"रविवारपर्यंत एक तर हा आवाज सुधारेल," त्याची बायको मालिनी म्हणाली, "नाहीतर हनुमंतचा टेम्पो येईल. मी सांगून ठेवलंय."

भोंगवलीच्या हनुमंतनं बास आधीच हेरून ठेवला होता. "वैनी, वरची फळी काडली की शेंगा भराया झ्याक कणगी हुतीय," असं तो श्रीपादच्या तोंडावर म्हणाला होता.

पुण्याच्या दुकानात महिन्याचं वेटिंग निघालं. मग श्रीपाद जुनी घोडी पिशवीत घालून कामथडीला रखमाजी सुतारांकडं गेला. रखमाजींचा हात बैलगाड्यांवर बसलेला. त्यांनी घोडी उलटीसुलटी केली आणि तिच्या भोकातून पलीकडं श्रीपादकडं बघितलं.

"वाळवी लागलीया व्हय?"

"नाही काका, नक्षी आहे ती."

"आन वजन किती येतं हिच्यावर?"

श्रीपादनं मोबाईलवर मिळवलेलं सगळं ज्ञान पणाला लावलं. "चारी तारांचा ताण धरला तर सव्वाशे किलो."

रखमाजींनी चंची खाली ठेवली. "सव्वाशे? आन ही पापडी? कुनी फसिवलं तुमाला? म्या अडीचशेची करतो. भोकं पाडनार न्हाई, आदीच सांगतो."

शनिवारी घोडी तयार. जुन्या बाभळीची, चार बोटं जाड. रखमाजी स्वतः तिच्यावर उभे राहिले, मग शेजारच्या आनंदराव पैलवानांनाही वर घेतलं. दोघं एकमेकांना धरून शांतपणे उभे. घोडी करकरलीसुद्धा नाही. मग नारळ फोडून, हळदीकुंकू लावून त्यांनी ती श्रीपादच्या हातात दिली.

"गाडी मोडंल, ही न्हाई."

रविवारी सकाळी श्रीपादनं घोडी बसवून तारा चढवल्या. दारात टेम्पो लागला होता आणि हनुमंत दोरखंड सोडवत होता. श्रीपादनं डोळे मिटले आणि गज ओढला.

काहीच नाही.

अंग टाकून ओढला. बंद डब्यात डास शिरल्यासारखी गुणगुण ऐकू आली, तीही त्याला एकट्याला. बाभळीनं सगळा आवाज गिळला होता.

"वाजवा की आता!" मालिनी ओट्याजवळून ओरडली.

"वाजवतोय."

पिठाचे हात घेऊन ती बाहेर आली. गज फिरत होता, श्रीपादच्या कपाळावरून घाम ठिबकत होता, आणि समोर म्हैस निवांत रवंथ करत होती.

"जोरात वाजवा."

"हे जोरातच आहे." श्रीपादनं गज खाली ठेवला. "हनुमंत, ने बाबा. शेंगा भर."

"खबरदार!" मालिनीनं हनुमंतच्या हातातला दोर ओढला. "तीन वर्षांत पहिल्यांदा इतकं छान वाजवतायत, आणि तू न्यायला निघालास?"

तेवढ्यात ठकुबाई दुधानं काठोकाठ भरलेली चरवी घेऊन आल्या. "भावजी, लई ग्वाड हात हाय तुमचा! असंच रोज वाजवीत ऱ्हावा."

श्रीपादला आयुष्यात पहिल्यांदाच श्रोत्यांनी आग्रह केला होता. तो लाजून पुन्हा गज फिरवायला लागला.

त्याच दुधातला शिरा करून मालिनीनं हनुमंतच्या हातात डबा दिला.

"जाताना कामथडीला वळ आणि हा रखमाजीकाकांना दे. आणि विचार, रात्री ह्यांच्या नाकावर बसवायला एक लहान घोडी करून देतील का. बाभळीचीच हवी म्हणावं."