समाधान चौधरीला दहात दोन

"यंदा मी पुस्तकं वाचणार! कामासाठी नाही, मनासाठी! आणि एकेका पुस्तकाला मार्क देणार!" नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी आत्माराम महाजनांनी राजपुरा मोहल्ल्यातल्या आपल्या घरात जाहीर केलं.

भागीरथीबाईंचं लाटणं पोळीवरच थांबलं.

"तुम्ही? लग्नाच्या पत्रिकेत जेवणाची वेळ सोडून दुसरं काही वाचलंय कधी?"

"वाचायचं सोड. मार्क देण्यात माझा हात कोण धरणार, ते सांग!"

त्यात मात्र खोटं काही नव्हतं. बुऱ्हाणपुरातल्या केळ्यांच्या लिलावात आत्मारामांच्या नाकाला मान होता. शेतकऱ्याचा ट्रक आला की ते घडांभोवती एक चक्कर मारायचे, एक केळं मोडून बघायचे आणि "भरलेला माल!" म्हणायचे. व्यापाऱ्यांची बोली लगेच सुरू! आणि नाक मुरडलं, तर ट्रक जागच्या जागी उभा.

पण वाचायला बसावं लागतं, आणि बसणं हेच आत्मारामांना जमत नसे. बुडाखाली निखारा ठेवल्यासारखा माणूस! दोन पानं झोक्यावर, दोन गच्चीवर, चार पानं बुधवाऱ्याच्या बाजारापर्यंत चालता चालता. एकदा तर उभ्या रिक्षाला धडकून त्यांनी रिक्षाचीच माफी मागितली. पण वाचत राहिले. आणि मंडळी, गोडी लागली!

हिशेब ठेवायचं काम इंदूरला नोकरी करणाऱ्या लेकीनं, तृप्तीनं घेतलं होतं. "पप्पा, एक पुस्तक झालं की मला व्हॉइस मेसेज टाका. दहापैकी मार्क आणि दोन वाक्यं. बाकी मैं देख लूँगी."

मग मेसेज जाऊ लागले. एका प्रवासवर्णनाला, "देठापासून टोकापर्यंत भरलेला माल. नऊ!" कवितांना, "फणी छोटी, पण गोड. सात." यशस्वी कसं व्हावं ते शिकवणाऱ्या एका पुस्तकाला, "औषध मारून पिकवलंय. तीन!" तृप्ती हसून हसून लोळायची आणि ऑफिसातल्या मैत्रिणींना ऐकवायची.

मे महिन्यात त्यांच्या हाती एक जाडजूड कादंबरी आली. लेखक समाधान चौधरी, नागपूरकडचे कुणीतरी. सोजरबाई नावाच्या बाईचा नवरा घर सोडून गेलेला, आणि ती पानापानावर दाराकडं बघत बसलेली. तो काही येईना आणि ही काही उठेना! उठत कशी नाही ही बाई? आत्मारामांचीच तगमग व्हायला लागली. शेवटी बुधवाऱ्यातल्या पानटपरीवर उभं राहून त्यांनी रागारागानं फोन तोंडाशी धरला.

"समाधान चौधरीचं पाहिलं. वरून काय देखणं! पण आत भरलेलंच नाही काही! मधे तर पार सडलंय. मी अर्ध्यातच टाकून दिलं. दहात दोन! कुणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही!"

चष्मा कपाळावर होता. फोनमध्ये 'तृप्ती'च्या अगदी वर मंडीतल्या व्यापाऱ्यांचा 'ताप्ती केळी ग्रुप' होता. आणि अंगठा तर जाडच!

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. समाधान चौधरी नावाचा दुसरा एक माणूस ताप्तीकाठी केळी पिकवत होता. आत्मारामांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच संध्याकाळी त्याच्या बागेतले घड कापून ट्रकमध्ये भरले जात होते.

दुसऱ्या दिवशी दाढ ठणकत होती म्हणून आत्माराम मंडीत गेलेच नाहीत. गाल धरून घरातच येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात दिल्लीला माल पाठवणाऱ्या निरंजनशेठचा फोन आला.

"आत्मारामभाऊ, तुमचा मेसेज ऐकला. समाधान चौधरीवाला. एकदम साफ बोललात!"

आत्माराम फुलून गेले. लेकीनं आपलं मत पार शेठपर्यंत पोचवलं की काय! शेठसुद्धा वाचू लागले म्हणायचे!

"मग काय शेठ! खोटं कशाला बोलायचं?"

"इथं कुणी हातसुद्धा लावू नाही राहिलं."

"बरं केलं! मी दोनशे पानं सोसलीत!"

शेठचा आवाज बदलला. "पानं? पानांवरपण आहे?"

"पानांचं तर नावच काढू नका! पहिल्या पानापासून तोच रोग! एक पान उलटावं तर पुढच्या पानावर तेच!"

"बाप रे! करपा!" शेठ कुजबुजले आणि फोन बंद झाला.

करपा? लेखनाला हा शब्द आपल्याला कसा सुचला नाही, याचंच आत्मारामांना वाईट वाटलं. तिकडं मंडीत मात्र बातमीला पाय फुटले. समाधानच्या बागेत पानं जाळणारा करपा रोग! शेजारच्या बागेतही असणार! सगळ्या गावातच असेल! दुपारपर्यंत त्या गावातून आलेले तिन्ही ट्रक उन्हात तापत उभे होते. मे महिन्याचं ऊन ते, केळी पिकायला कुणाची परवानगी विचारत नाही.

दार धाडकन उघडलं. खांद्यावर केळ्यांचा आख्खा घड घेऊन समाधान आत आला आणि त्यानं तो आत्मारामांच्या पुढ्यात आदळला.

"खा! खाऊन सांग, कुठं सडलंय ते!"

"अरे, माझी दाढ..."

"दाढ गेली खड्ड्यात! दहात दोन? चाळीस वर्षांची दोस्ती आपली, आणि मला दोन?"

आत्मारामांचे डोळे एकदम विस्फारले. "समाधान! म्हणजे ते तुझं आहे? कधी बोलला नाहीस! मला काय माहीत तू लिहितोस म्हणून! अरे, आधी सांगितलं असतंस तर मी सात दिले असते!"

"मी काय लिहितो?"

"कादंबरी!"

समाधाननं भागीरथीबाईंकडं पाहिलं. "वहिनी, याची दाढच दुखू राहिली ना? डोक्यात काही गेलं नाही ना?"

मग त्यानं फोन काढून मेसेज वाजवला. "समाधान चौधरीचं पाहिलं. वरून काय देखणं..." आत्माराम ऐकत गेले आणि खाली बसत गेले. 'फुकट दिलं तरी' येईपर्यंत ते जमिनीवर होते. भागीरथीबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

"चल!" आत्मारामांनी कादंबरी उचलली. दाढ, चप्पल, सगळं विसरून ते समाधानच्या मागं मोटरसायकलवर बसले.

मंडीत ट्रकवर चढून त्यांनी पुस्तक उंच धरलं. "भावांनो! दहात दोन या समाधान चौधरीला दिले! केळी नाही, कादंबरी!"

निरंजनशेठ हळूच म्हणाले, "भाऊ, दोस्तीसाठी इतकं झूठ? तुम्ही आणि किताब?"

"मी वाचतो! जानेवारीपासून वाचतो!"

मंडी खो खो हसली. समाधानचा चेहरा उतरला. आत्मारामांना घाम फुटला. आयुष्यभर खोट्या मालाला खोटं म्हटलं, आणि आज खरं बोलतोय तर कुणी घेईना!

"मग ऐका!" असं म्हणून त्यांनी घडांच्या शेजारीच बैठक मारली आणि गोष्ट सांगायला घेतली. नवरा कसा निघून गेला, सोजरबाई दाराशी कशी बसते, गाव तिला काय काय बोलतं. वाचताना जी बाई असह्य झाली होती, ती सांगताना त्यांच्या तोंडून जिवंत झाली. हमाल जवळ सरकले. तोलणारे काटा सोडून आले. शेठनं उपरणं पसरून बसकण मारली.

"मग? आला का तो?" एका हमालानं विचारलं.

आत्माराम थांबले. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी अर्ध्यातच टाकून दिलं ना!"

"ऐसा कैसा टाकून दिलं!" एकच गिल्ला झाला. "पुस्तक हातात आहे ना? वाचा! आत्ता वाचा!"

मग पन्नाशी उलटलेला, दोन मिनिटं एका जागी न टिकणारा हा गडी केळ्यांच्या ट्रकवर मांडी घालून मोठ्यानं वाचू लागला. महत्त्वाचं तेवढं वाचत, बाकीचं भराभर उलटत तो शेवटाशी पोचला. नवरा आला! म्हातारा होऊन, दाराशी उभा. सोजरबाईनं त्याला ओळखलं. पाणी दिलं. तो पाणी प्यायला. आणि मग तिनं शांतपणे विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

पुढचं वाक्य आत्मारामांना वाचवेना. मघाचा हमाल गमछ्यानं डोळे पुसत होता. समाधान तर आपला ट्रकच विसरून गेला होता.

निरंजनशेठ उठले. एक केळं मोडून त्यांनी नीट पाहिलं, खाल्लं, आणि बोली लावली. बाकीचे व्यापारी धावले. संध्याकाळ व्हायच्या आत तिन्ही ट्रक विकले गेले.

"आत्माराम," जाताना समाधान नाक ओढत म्हणाला, "एवढ्या चांगल्या पुस्तकाला दोन? तुला काय कळतं रे!"

हा एकटा समाधान असता तर चाललं असतं. पण रात्रीपर्यंत 'ताप्ती केळी ग्रुप'वर सगळ्या मंडीनं कादंबरीला मार्क देऊन टाकले. कुणी आठ, कुणी नऊ. त्या हमालानं तर दहात अकरा!

सकाळी आत्माराम नेहमीसारखे मंडीत गेले. नवा ट्रक आला होता. त्यांनी चक्कर मारली, केळं मोडलं आणि जुन्याच रुबाबात म्हणाले, "भरलेला माल!"

बोली कुणी लावेना. निरंजनशेठ ट्रकच्या मागच्या बाजूला गेले आणि एकेक घड स्वतःच खाली-वर करून बघू लागले.

"काय झालं शेठ?"

"कुछ नहीं, भाऊ," शेठ अदबीनं म्हणाले. "फक्त विचारतो. हा शेवटपर्यंत पाहिला ना?"