लिंबीचे हात

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी लिंबीनं बिस्किटासाठी हात पुढे केला नाही.

आईला आधी वाटलं, पोट भरलं असेल. पण सव्वादोन वर्षांची लिंबी बिस्किटाकडे एकटक बघत होती, तोंडही उघडत होती. फक्त दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी ताठ उभी होती.

"घे ना, राणी. हातात घे."

लिंबीनं मान पुढे काढली आणि आईच्याच हातातलं बिस्किट कुरतडलं.

 आईनं लिंबीचा उजवा हात धरून वर उचलला. सोडल्याबरोबर तो सटकन खाली गेला आणि मांडीला चिकटला. डावाही तसाच. तिनं लिंबीकडे तिचा लाडका चेंडू टाकून पाहिला. तो लिंबीच्या पोटावर आपटून कोचाखाली गेला. काखेत गुदगुल्या केल्या. लिंबी खिदळली, हात मात्र जागचे हलले नाहीत. मग ती चालायला लागली, गालिच्याच्या कडेला अडखळली आणि हात न टेकता फळीसारखी सरळ आडवी झाली. खाली उशी होती म्हणून बरं. रडलीसुद्धा नाही. त्या न रडण्यानं आईचं धाबं आणखीच दणाणलं.

तिनं फोनवर शोधलं : लहान मूल अचानक हात हलवत नाही. अकरा कारणं आली. पहिली चार तिनं धीरानं वाचली, पाचव्याला मटकन खाली बसली. नवव्या कारणात 'मेंदू', 'मुलं' आणि 'स्क्रीन' हे तीन शब्द एकाच वाक्यात होते. दहावं न वाचताच तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अरे, लिंबीचे हात गेले!"

"गेले? कुठं गेले?"

"जागेवरच आहेत! हलत नाहीत!"

"निघतो मी. पण पोचायला दोन तास लागतील, तू आधी डॉक्टरांकडे ने. पडली का कुठं? आज काही वेगळं झालं का?"

"काही नाही," आई म्हणाली. जरा जास्तच पटकन.

कारण वेगळं एक झालं होतं. सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या म्हणून आई आज घरून काम करत होती, ऑफिसला एक तक्ता चारच्या आत पाठवायचा होता आणि लिंबी आईच्या मांडीवर चढून की-बोर्ड बडवत होती. शेवटी आईनं टीव्ही लावला होता. फ्रिजच्या दारावर तिच्याच अक्षरात पहिला नियम होता : तीन वर्षांपर्यंत टीव्ही नाही. एक मिनिटही नाही. 'एक मिनिटही'च्या खाली दोन रेघा होत्या. त्या सासूबाईंसाठी होत्या.

रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांच्या यादीत आयरिश नृत्याचा एक प्रयोग सापडला. नवऱ्यानं कधी रेकॉर्ड केला कोण जाणे. तो तर बातम्यांपलीकडे काही बघत नसे. रंगमंचावर नाचणाऱ्यांची लांबच लांब रांग आणि बुटांची टकाटक. मारामारी नाही, रडारड नाही, जाहिराती नाहीत. आईनं एकवार पाहिलं, तिला हायसं वाटलं आणि पाठ फिरवून ती तक्त्याला लागली. पस्तीस मिनिटांनी सासूबाईंचा "निघालेय गं" असा फोन आला. तिनं ऐन रंगात आलेला नाच बंद केला, रिमोट उशीखाली सारला आणि टीव्ही मागून गरम लागतोय म्हणून त्याला वर्तमानपत्रानं वारा घातला.

आता दार वाजलं. डोळ्यांत थेंब घातलेल्या सासूबाई चाचपडत आत आल्या.

"लिंबे, ये आजीकडे."

लिंबी गेली. हात खाली, मान वर. सासूबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"अगं, तू हिला काही दाखवलंस का?"

"काय दाखवणार?"

"म्हणजे आपलं... टीव्ही वगैरे?"

"आई! मी? मी दाखवेन टीव्ही?"

सासूबाईंचा चेहराच उतरला. "नाही ना? मग खरंच काहीतरी झालंय गं पोरीला!" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सासूबाई एरवी सगळ्याला 'काही होत नाही' म्हणायच्या. त्याच रडायला लागल्यावर आईनं क्षणही घालवला नाही. लिंबीच्या पायांत कडक तळव्याचे नवे बूट चढवून दोघी निघाल्या. फ्रॉक बदलायचा प्रश्नच नव्हता; बाहीतून हात बाहेर काढणार कोण?

डॉक्टरांनी खांदे दाबले, कोपर वाकवले, बोटं मोजली.

"कुणी हात ओढला होता?"

"नाही."

"ताप? उलटी?"

"नाही."

"आज दिवसभरात काही नवीन?"

"नाही," आई म्हणाली.

"नाही," सासूबाईही म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"चालून दाखव बघू, बाळ." डॉक्टरांनी लिंबीला जमिनीवर उभं केलं आणि तिचं लक्ष वेधायला छोट्या हातोडीनं टेबलावर वाजवलं. टक-टक, टक-टक.

लिंबीचा चेहरा गंभीर झाला. हनुवटी वर गेली. आणि खालून आवाज आला : टकाटक, टकाटक. टाच, चवडा, उडी, पुन्हा टाच. कमरेच्या वर पुतळा, कमरेच्या खाली वादळ.

डॉक्टरांचा चष्मा नाकावरून घसरला. "हे कधीपासून?"

"आत्तापासून!" आई किंचाळली. "डॉक्टर, ते पायांत उतरलं!"

डॉक्टरांनी हातोडी हळूच खाली ठेवली आणि फोन उचलला. "घाबरू नका. मोठ्या हॉस्पिटलला फक्त कळवून ठेवतो."

'मोठ्या' या शब्दावर आईचा बांध फुटला.

"मी दाखवला! टीव्ही! पस्तीस मिनिटं! मला काय हवी ती शिक्षा करा, पण हिला बरं करा!"

"काय दाखवलंत?"

"नाच. आयरिश. सगळे ओळीनं उभे राहतात आणि नुसते पाय... हात..." आई थांबली. पाठ फिरवण्याआधी ओझरती पाहिलेली ती रांग आता कुठं तिला नीट दिसली. "हात खालीच ठेवतात. हलवतच नाहीत."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. खोलीत फक्त टकाटक चालू होती. ते लिंबीसमोर वाकले. "नाच संपला हं, बाळ. हात सोड आता."

लिंबीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"सोडत नाहीये!" आई पुन्हा किंचाळली. "अशीच राहिली तर?"

"असं सांगून संपतो होय नाच?" सासूबाई उठल्या. पर्स काखेत दाबून त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. "वाऽ! वाऽ! वाऽ!"

लिंबी थांबली. कमरेत वाकली. मग दोन्ही हात झटक्यात वर गेले आणि तिनं डॉक्टरांना, वजनकाट्याला, भिंतीवरच्या तक्त्याला जोरजोरात टाटा केला. शेवटी डॉक्टरांची हातोडी उचलून ती टेबलाखाली पसार झाली.

आईनं टेबलाखाली वाकून तिला ओढून काढलं, तिची दहाही बोटं पटापटा मुके घेत ओलीचिंब केली. आणि मुके घेता घेताच तिचं रडू थांबलं.

"आई, मी तर अर्ध्यातच बंद केला होता. शेवटी टाळ्या असतात हे तुम्हाला कसं माहीत?"

सासूबाई पर्समध्ये चष्मा शोधायला लागल्या. चष्मा कपाळावर होता.

"तो कार्यक्रम तुम्ही रेकॉर्ड केलात?"

पर्समधलं शोधणं वाढलं.

"रोज दाखवता तिला?"

"रोज कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "रविवारी तुम्ही दोघं घरी असता ना. आणि एक सांगते, मी कधी अर्ध्यात बंद केला नाही."