शेवटचा गोळा

जे नौदल आजवर एकही लढाई हरलेलं नाही, त्याच्या संग्रहालयाची इमारत आधी बांधावी लागते; इतिहास मागून सवडीने येतो. घरातही तसंच असतं म्हणा. आधी पाळणा आणतात, मग बाळ येतं. फरक इतकाच, की बाळ आपल्या मनाला येईल तेव्हा येतं आणि इतिहास मंडळाच्या ठरावानुसार.

आमच्या शहरातलं नौदल संग्रहालय गोदीच्या रस्त्यावर, दोरखंडाच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी उभं राहिलं. इमारत भव्य. पायऱ्या इतक्या, की वर पोचेपर्यंत माणसाला धाप लागते, आणि त्या धापेची नोंद 'भारावून जाणे' या सदरात होते. आत सहा दालनं. पहिल्यात नौदलप्रमुखांच्या टोप्या. दुसऱ्यात त्याच टोप्या घातलेल्या नौदलप्रमुखांची तैलचित्रं. तिसऱ्यात दोराच्या गाठींचे प्रकार (त्यातली एक सुटेना, म्हणून तिला 'ऐतिहासिक' ठरवलं). चौथ्यात उद्घाटनाची छायाचित्रं. पाचव्यात उद्घाटनाची कात्री. सहावं दालन 'वाळूपट्टीच्या महान विजया'साठी राखून ठेवलेलं होतं, आणि ते रिकामं होतं. या विजयाबद्दल आदर सर्वांना होता, माहिती कुणालाच नव्हती. एवढा दांडगा विजय, पण मागे साधी फुटकी कपबशी उरली नव्हती.

पुरावा होता. तो आमच्या पाळण्यावर टांगलेला होता.

तांब्याचं पदक, बिस्किटाएवढं, एका बाजूने वाकडं. पुढे नौदलाची मुद्रा. मागे कुणीतरी हाताने कोरलेली एक ओळ: 'शेवटचा गोळाही आपल्यासाठी ठेवला नाही.' हे पदक आत्याबाईंच्या पणजोबांचं. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लेक झाली तेव्हा सगळ्यांनी झबली आणली, आत्याबाईंनी हे आणलं आणि नाडीने पाळण्याला बांधलं. "चावू दे तिला," म्हणाल्या. "याच्यावर घरातल्या सगळ्यांचे दात आलेत. तुझ्या नवऱ्याचेसुद्धा."

लेकीला झोपवताना आत्याबाई पदकाची गोष्ट सांगतात. पणजोबा लढाऊ जहाजावर स्वयंपाकी होते. युद्ध जाहीर झालं, आपलं जहाज शत्रूच्या जहाजावर चाल करून गेलं, त्यांचं आपल्यावर चालून आलं, आणि दोन्ही जहाजं एकाच वाळूपट्टीवर रुतून बसली. हाकेच्या अंतरावर, एकमेकांकडे पाठ करून कललेली. आपल्या तोफांची तोंडं आभाळाकडे, त्यांच्या तोफांची चिखलात. आता मोठं उधाण आल्याशिवाय सुटका नाही. जहाज हलकं व्हावं म्हणून दोघांनीही आपापले तोफगोळे पाण्यात टाकून दिले. मग भूक लागली. आपली पाण्याची पिंपं तडकली होती, त्यांचं पीठ भिजून गेलं होतं.

"त्यांच्याकडे पाणी, आपल्याकडे पीठ," आत्याबाई सांगतात, "आणि कणीक भिजवायला, बाळा, दोन्ही लागतं."

मग पणजोबांनी कणकेचे गोळे वळले, उकळत्या पाण्यात सोडले आणि दोन्ही जहाजांना वाढले. पीठ संपत आलं तसे स्वतःच्या वाटचेही वाढले. शेवटचा गोळा दिला तो पलीकडच्या जहाजावरून रोज पाणी घेऊन येणाऱ्या पाणक्याला. उधाण आलं, जहाजं तरंगली, पण पणजोबा चुलीपाशी टेकले ते उठले नाहीत. खलाशांनी त्यांचा तांब्याचा डाव, ज्याने ते वाढायचे तो, ठोकून चपटा केला. कप्तानाने त्यावर मुद्रा उठवली. ज्याला लिहिता येत होतं त्याने ती ओळ कोरली.

लेक 'बाळा' या शब्दापर्यंत झोपलेली असते. संग्रहालयाचं मंडळही पुढे साधारण तिथपर्यंतच जागं राहिलं.

झालं असं, की लेकीचा फोटो नवऱ्याने चार लोकांना पाठवला, त्यात मागे पदक दिसलं, आणि एका सकाळी संचालकसाहेब दारात उभे राहिले. सोबत मंडळाचे इतिहासतज्ज्ञ. यांना कार्यालयात 'नांगर' म्हणतात, कारण एकदा खुर्चीत टाकले की उचलायला चार माणसं लागतात. नांगरांनी भिंग लावून मागची ओळ वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शेवटचा गोळाही आपल्यासाठी ठेवला नाही! साहेब, म्हणजे सगळे झाडले. गोलंदाज होता हो हा!"

"स्वयंपाकी होते," आत्याबाई म्हणाल्या. "गोळा कणकेचा."

नांगर समजूतदारपणे हसले. "आजी, कणकेसाठी कुणी पदक देतं का?"

"त्यांनी दिलं ना. आणि आजी नका म्हणू, तुमच्याहून दोन वर्षांनीच मोठी असेन."

"बरं, मग तोफगोळे कुठे गेले?"

"पाण्यात टाकले. जहाज हलकं करायला."

"कुठल्या बाजूने टाकले?"

"डाव्या."

"आणि शत्रू कुठे होता?"

"डाव्याच बाजूला. तोही रुतलेला."

नांगरांनी विजयी मुद्रेने संचालकांकडे पाहिलं. "म्हणजे शत्रूच्या दिशेनेच."

यापुढे आत्याबाईंनी जे जे सांगितलं ते सर्व अहवालात आलं आहे. मंडळ नागरिकांचं म्हणणं ऐकून घेत नाही, असा आरोप जे करतात त्यांनी अहवाल वाचावा. आत्याबाई म्हणाल्या, पदक डावापासून केलंय. अहवालात आहे, 'शत्रूच्या डावातूनच हे पदक घडले.' आत्याबाई म्हणाल्या, पणजोबा चुलीपाशी गेले. अहवालात आहे, 'अग्निमुखाशी देह ठेवला.' पदकाच्या कडेला दातांच्या खुणा आढळल्या (दोन, बारीक, खालच्या हिरडीच्या), त्यावरून लढाई अखेर हातघाईवरूनही पुढे गेल्याचं निष्पन्न झालं. त्या वेळी लेक माझ्या कडेवर होती आणि नांगरांच्या बोटाला तोच पुरावा देऊ पाहत होती. तिच्या तोंडातून आपलं बोट सोडवून घेताना ते "गोड आहे" म्हणाले. अहवालात याचा उल्लेख नाही.

परिशिष्टात आकडेवारी आहे. एकूण झाडलेले तोफगोळे: सर्व. नेम चुकलेले: शून्य (एकही गोळा परत आला नाही). शत्रूची हानी: मोजदादीच्या पलीकडे. आपली हानी: एक, तीही गौरवास्पद.

आत्याबाईंनी पदक द्यायला नकार दिला नाही. त्यांची एकच अट होती: पदकाखालच्या पाटीवर 'स्वयंपाकी' हा शब्द पाहिजे. बाकी तुम्हाला लिहायचं ते लिहा, महान लिहा, वीर लिहा, पण त्या माणसाचं काम लिहा. यासाठी त्या संग्रहालयाच्या पायऱ्या कितीदा चढल्या ते मी मोजलं नाही; गुडघ्यांनी मोजलं. मी लेकीला पोटाशी बांधून सोबत जायची. तिथल्या बाकावर लेकीला पाजताना पाहिलं, की रक्षक लगेच पाटी दाखवायचा: 'दालनात खाद्यपेये निषिद्ध.' तिला वाचता येत नसल्यामुळे नियम मोडला जायचा.

शेवटी संचालकांनी आत्याबाईंना समोर बसवून प्रेमाने समजावलं.

"काकू, तुमचंच भलं सांगतो. गोलंदाज म्हटलं की दालन मिळतं. रंगीत दिवे, तोफ, पडद्यावर धूर. स्वयंपाकी म्हटलं तर काय ठेवायचं आम्ही तिथे? परात?"

"ठेवा की," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्याकडे आहे एक."

"अहो, लोक हसतील."

"हसू देत. उपाशी माणूस हसत नाही, जेवलेलाच हसतो."

संचालकांनी हे वाक्य फार सुंदर असल्याचं सांगितलं आणि अट फेटाळली.

पदक ताब्यात गेलं. मात्र प्रत्यक्ष मांडणी करताना अडचण आली. ते लहान होतं, काचेपलीकडून दिसेना. शिवाय वाकडं होतं, आणि वाकड्या पदकामुळे विजयाबद्दल नाहक शंका येते. तेव्हा मंडळाने सर्वानुमते मूळ पदक नव्याने बनवून घेतलं. ते जेवणाच्या ताटाएवढं आहे आणि पितळेचं आहे. मागची ओळ भाषातज्ज्ञांनी तपासली. 'गोळा' हा शब्द संदिग्ध वाटल्याने जनतेच्या सोयीसाठी तिथे 'तोफगोळा' असं केलं. खाली संगमरवरात: 'वाळूपट्टीचा वीर गोलंदाज.' शाळेची मुलं येतात आणि त्याने किती बळी घेतले, कुठल्या संघाकडून, असं विचारतात. मार्गदर्शक सांगतो, सगळे.

आता मूळ पदकं दोन झाली. कायद्याने मूळ एकच असू शकतं. म्हणून जुन्यावर बारीक छिन्नीने 'नक्कल' असा शिक्का ठोकून ते आत्याबाईंना सन्मानपूर्वक परत करण्यात आलं. शिक्का नेमका पणजोबांच्या डावाचा जो भाग मुडपलेला होता त्यावर बसला आहे. आत्याबाईंनी पदक पदराने पुसलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा नाडीने पाळण्याला बांधलं. त्या रात्री गोष्ट सांगताना 'कणीक भिजवायला' पर्यंत आल्या आणि थांबल्या. लेक जागी होती. तिने पाय आपटले. मग पुढचं सांगितलं.

निष्पक्षपातीपणाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. समुद्रापलीकडच्या देशातही असंच संग्रहालय आहे म्हणतात, आणि तिथेही वाळूपट्टीवरच्या महान विजयाचं दालन आहे, कारण तो विजय त्यांनीही मिळवला होता. तिथेही एक पदक आहे. त्यावर कोरलंय: 'शेवटचा थेंबही आपल्यासाठी ठेवला नाही.' त्यांच्या तज्ज्ञांनी हा थेंब रक्ताचा असल्याचं सिद्ध केलं आहे. पाणक्याच्या घरच्यांनी त्यावर काही हरकत घेतली का, हे कळायला मार्ग नाही. आत्याबाईंना मात्र त्यांना भेटायची फार इच्छा आहे. "परात मी नेईन," म्हणतात.

तोवर आत्याबाई इथल्याच संग्रहालयात जाऊन बसतात. आठवड्यातून एकदा, सहाव्या दालनाबाहेरच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन. कुणाला काही सांगत नाहीत. कुणी विचारलं तर गोष्ट सांगतात.

तुम्हाला आठवत नसेल, पण परवा तुम्हीही आला होतात. तोफेच्या तोंडात डोकं घालून तुम्ही फोटो काढून घेतलात. धुराच्या पडद्यापुढे उभे राहून तुमचा ऊर भरून आला, आणि ऊर भरला की पोट रिकामं असल्याचं ध्यानात येतं, तसं ते आलं. इथे खायला काही मिळतं का, असं तुम्ही रक्षकाला विचारलंत. त्याने पाटी दाखवली. तेव्हा बाकावरच्या एका बाईने सरकून जागा केली, पाटीकडे दुर्लक्ष करून डबा उघडला आणि "घ्या" म्हणाली. तुम्ही घेतलंत. तळाशी एकच घास उरला होता, तोही तिने तुमच्यापुढे केला, तोही घेतलात. मग तिने काचेकडे बोट दाखवून सांगितलं, की ते माझे पणजोबा, स्वयंपाकी होते.

आणि तुम्ही, तोंडात तिचा शेवटचा घास असताना, तिला समजावून सांगितलंत, की नाही हो काकू, गोळा तोफेचाच असणार. कणकेसाठी कुणी पदक देतं का?