तक्रारसाहेबांचे वळवलेले मेल

रजेवर निघण्यापूर्वी तक्रारसाहेबांनी दोन गोष्टी केल्या. घराची किल्ली सासूबाईंच्या हाती दिली, आणि ऑफिसचे सगळे मेल आपल्या घरच्या खात्यावर वळवले. पहिली गोष्ट बायकोदेखत केली, दुसरी बायकोला चोरून.

लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते तक्रार विभागाचे प्रमुख होते. दिवसाला दीडशे मेल येत. त्यातले शंभर 'माहितीसाठी' असत आणि ती माहिती कोणालाच नको असे. उरलेल्या पन्नासांना तक्रारसाहेब उत्तर देत, "आपला मेल मिळाला, योग्य विभागाकडे पाठवत आहोत." योग्य विभाग तो आणखी योग्य विभागाकडे पाठवी. फिरत फिरत पंधरा दिवसांनी मेल पुन्हा तक्रारसाहेबांकडे येई, तेव्हा त्याच्या शेपटाला चाळीस उत्तरे लटकलेली असत आणि लिफ्ट होती तिथेच असे. या उलाढालीत माणूस इतका दमे, की आपण एक दिवस नसलो तर कंपनी बसेल अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

बायकोची समजूत निराळी होती. मागच्या रजेत नवऱ्याने डोंगर, नदी आणि तिचा वाढदिवस हे तिन्ही फोनमध्ये मान घालून साजरे केले होते. या वेळी तिने आधीच बजावले, "ऑफिसचं सगळं फोनमधून काढ. माझ्यासमोर काढ."

त्यांनी निमूटपणे काढले. पण वीजबिलासाठी उघडलेले घरचे खाते फोनवर तसेच होते, आणि घरच्या कॉम्प्युटरवर तर ते कायम उघडेच असे. ते काढायला तिने सांगितले नव्हते, आणि न सांगितलेले काम करायची तक्रारसाहेबांना नोकरीतही सवय नव्हती.

घर सांभाळायला सासूबाई आल्या. त्यांनी तीस वर्षे एका मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून काढली होती. त्या वॉर्डात शिरल्या की नर्सेसच काय, पेशंटसुद्धा चादरी नीट करत. जावई त्यांच्याशी फारसे बोलत नसत. निघताना मात्र त्यांना अपराधी वाटले आणि तोंडून जरा जास्तच गोड शब्द गेले.

"आई, मागे काही आलंगेलं तर तुम्हीच बघा. सगळं तुमच्यावर सोपवून चाललोय."

त्यांच्या मनात कुरियर होते. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले. बारा वर्षांत जावयाने त्यांच्यावर पहिल्यांदाच काही सोपवले होते.

"निश्चिंत जा, जावईबापू," त्या म्हणाल्या.

तळ्याकाठचा लॉज सुंदर होता. खोलीतून पाणी दिसे, पाण्यावर बगळे दिसत, आणि फोनवर रेंजची एक रेघही दिसत नसे. बायकोने लॉज निवडताना हेच आधी विचारून घेतले होते. दोन दिवस तक्रारसाहेबांनी बगळे पाहिले. तिसऱ्या दिवशी बगळाही आपल्याकडे 'माहितीसाठी' पाहतोय असे त्यांना वाटू लागले, तेव्हा ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून मागच्या टेकडीवर चढले.

वर फोनला जाग आली. चारशे बारा मेल. तक्रारसाहेबांची छाती अभिमानाने भरून आली आणि तशीच अर्ध्यात अडकली. एकही मेल न वाचलेला नव्हता. 'पाठवलेले' या कप्प्यात शहाण्णव उत्तरे होती. त्यांनी तर एकही दिले नव्हते.

त्यांनी पहिले उघडले. एका मेकॅनिकने रजा मागितली होती, पाठ धरली आहे म्हणून. उत्तर होते, "रजा मंजूर. गादी काढून कडक अंथरुणावर झोपा. तुमच्या जागी कोण जाणार ते आजच कळवा."

दुसरे एका बैठकीचे निमंत्रण होते. 'तक्रारींच्या वर्गीकरणाच्या आढाव्याची पूर्वतयारी' असा विषय. उत्तर होते, "एवढी माणसं एका खोलीत बसली तर लिफ्टकडे कोण बघणार? बैठक रद्द."

तिसरे वाचताना हा मेट्रनचा हुकूम त्यांनी ओळखला आणि ते खाली दगडावर बसले. एका सहा मजली इमारतीची लिफ्ट एकवीस दिवस बंद होती. भांडार म्हणे, सुटा भाग आहे पण मागणीपत्र नाही. दुरुस्तीवाले म्हणत, मागणीपत्र आहे पण सही नाही. सही करणारे म्हणत, हे आमच्याकडे येत नाही. या भांडणाला सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले होते. "त्या इमारतीत वर कोणी आजारी माणूस राहतं का? भाग कुठल्या कपाटात आहे?" आणि उत्तरे आल्यावर, "पाचव्या मजल्यावरच्या आजींना डॉक्टरकडे जायचं आहे. भांडारप्रमुखांनी स्वतः भाग घेऊन जावं. कागद संध्याकाळी करा."

त्याखाली भांडारप्रमुखाचा मेल होता. हा गृहस्थ आठ वर्षांत खुर्चीतून उठलेला कोणी पाहिला नव्हता. त्याने लिहिले होते, "साहेब, गेलो होतो. लिफ्ट चालू. आजींनी चहा दिला."

एव्हाना तक्रारसाहेबांना घाम फुटला होता. मग त्यांनी मोठ्या साहेबांचा मेल उघडला. मोठे साहेब रोज सकाळी कंपनीतल्या सर्वांना दोन पानांचे विचार पाठवत. त्यात उंची, झेप, क्षितिज असे शब्द असत. सगळे 'प्रेरणादायी' एवढेच उत्तर देत. सासूबाईंनी लिहिले होते, "वाचलं. तुम्ही रात्री नीट झोपता का?"

ते टेकडी उतरले ते धावतच. बायकोला खरे सांगण्यावाचून इलाज नव्हता. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे माझ्यापासून लपवून तू ऑफिस माझ्या आईकडे पाठवलंस," ती म्हणाली. "बरं केलंस. एरवी तिला दुपारी करमत नाही."

लॉजच्या टेबलावरच्या फोनवरून त्यांनी घरी फोन लावला.

"आई, ते मेल तुम्ही..."

"हो, चाललंय सगळं. सकाळचे संपले, आता दुपारचे घेते. तुमच्याकडची माणसं वाईट नाहीत हो जावईबापू, फक्त त्यांना कोणी विचारत नाही."

"पण ती उत्तरं माझ्या नावाने जातायत."

"मग कोणाच्या नावाने जाणार? खातं तुमचं, काम तुमचं. तुम्हीच म्हणालात ना, बघा म्हणून."

"आता नका बघू, आई. हात जोडतो."

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग सासूबाई म्हणाल्या, "एक माणूस लिफ्टमध्ये अडकलाय, त्याचं आलंय. तेवढं बघते, मग ठेवते."

दुसऱ्या दिवशी तक्रारसाहेब रजा अर्धवट टाकून ऑफिसात हजर झाले. बायको लॉजवरच राहिली, बगळ्यांसोबत. ऑफिसात ते शिरले तशी माणसे उभी राहिली. हे पूर्वी कधी घडले नव्हते. त्यांच्या टेबलाजवळून जाताना एका कारकुनाने आपल्या कागदांची चळत सरळ केली. फळ्यावर प्रलंबित तक्रारींचा आकडा लिहिलेला असे. रजेवर निघताना तो त्रेसष्ट होता. आता तिथे नऊ होते.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचे बोलावणे आले. केबिनमध्ये सिस्टिम विभागाचा माणूस आधीच बसला होता. ऑफिसचे मेल बाहेरच्या खात्यावर वळवणे हा किती गंभीर गुन्हा आहे, हे त्याने नियम क्रमांकासह वाचून दाखवले. तक्रारसाहेबांनी सगळे कबूल केले. किल्ली, तळे, टेकडी, सासूबाई, काहीही राखून ठेवले नाही.

मोठे साहेब गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही इथे असता तेव्हा त्रेसष्ट. नसता तेव्हा नऊ. मी याचा काय अर्थ काढायचा?"

या प्रश्नाला योग्य विभाग कोणता, ते तक्रारसाहेबांना आठवेना.

"लेखी समज मिळेल," मोठे साहेब म्हणाले. "मेल पूर्ववत करा." मग त्यांनी सिस्टिमवाल्याला बाहेर पाठवले, दार लागल्याची खात्री केली आणि खुर्ची पुढे ओढली.

"एक विचारू? तुमच्या सासूबाई... माझे मेल घेतील का? रोज दोनशे येतात. नियमाचं मी बघतो."

संध्याकाळी तक्रारसाहेबांनी हा निरोप घरी पोचवला. सासूबाई इस्त्री करत होत्या. त्यांनी कॉलर उलटवली, दाबली, पुन्हा सुलटी केली.

"नको," त्या म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरांचं असंच असायचं. राउंडला यायचे, तासभर बोलायचे, पेशंट झोपून जायचा. त्यांना उत्तर नको असतं. घरी ऐकणारं कोणी नसतं, म्हणून वॉर्डभर बोलत सुटतात. रविवारी चहाला बोलवा त्यांना."

"मोठ्या साहेबांना? आपल्या घरी?"

"नाहीतर मी लिहिते मेल."

तक्रारसाहेबांनी ताबडतोब फोन केला.

रविवारी मोठे साहेब आले, ते पुढे फुले धरून आले. पहिली दहा मिनिटे ते क्षितिजावर बोलले. सासूबाईंनी कप पुढे सरकवला आणि म्हटले, "हं." मग ते मुलाबद्दल बोलू लागले. मुलगा दूर देशी होता, फोन करायचा तो घाईत. पुढे पत्नी गेल्यापासूनच्या संध्याकाळींबद्दल, पुढे गुडघ्याबद्दल. सासूबाई "हं" म्हणत राहिल्या, एकदाच म्हणाल्या, "गुडघ्याला शेक घ्या." तीन तासांनी ते उठले, तेव्हा त्यांचा चेहरा अंघोळ करून आल्यासारखा दिसत होता. दारात त्यांनी विचारले, "पुढच्या रविवारी येऊ?"

सोमवारी तक्रारसाहेब लवकर पोचले. मेल आता सरळ त्यांच्याकडेच येत होते. ते प्रत्येकाला दोन ओळींत उत्तर देण्याचा प्रयत्न करत होते, आणि एका उत्तराला त्यांना पाऊण तास लागत होता. साडेदहा वाजता शेजारच्या कारकुनाने खुर्ची फिरवली.

"साहेब, तुम्हाला आला का? मोठ्या साहेबांचा?"

"नाही."

"मलाही नाही. कोणालाच नाही."

अकरापर्यंत कुजबुज तिन्ही मजल्यांवर पसरली. मोठ्या साहेबांचा सकाळचा मेल आला नाही, असे नऊ वर्षांत घडले नव्हते. सव्वाअकराला सिस्टिम विभागाने घाबरून सर्व्हर बंद केला आणि पुन्हा चालू केला.