सगुणाआत्याची यादी

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या आळीत तीन आवाज येतात. दुधाच्या किटल्यांचा, विहिरीवरच्या मोटारीचा आणि सगुणाआत्याचा. आत्या ओट्यावर मांडी घालते, पुठ्ठ्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा कपाळाला लावते आणि बोट ठेवून वाचायला लागते. नव्या माणसाला वाटतं, पोथी असेल. तो चप्पल काढून हात जोडतो. आत्या वाचत असते, "एकशे चार, पार्वती, नवरा किसन, वय एकसष्ट. एकशे सात, सुरेखा, नवरा दत्तात्रय, वय चौतीस."

ती आमच्या गावाची मतदारयादी असते.

एकशे पाच आणि एकशे सहा हे पुरुष. त्यांच्यावरून आत्याचं बोट थांबा नसलेल्या एसटीसारखं निघून जातं. मी एकदा विचारलं, "आत्या, पुरुषांनी काय घोडं मारलंय?"

"त्यांची काळजी घ्यायला सगळं गाव हाय. ह्यांना कोन हाय?"

सातवं पान मात्र ती मोठ्यानं वाचत नाही. तिथं आली की चष्मा काढते, पदरानं पुसते, परत घालते आणि ते पान मनातल्या मनात वाचते. आठव्यापासून पुन्हा आवाज सुरू. आम्हाला वाटायचं, म्हातारीचा घसा तोवर दमतो.

आमचं गाव ओतूरच्या बाजूला, कांद्याच्या पट्ट्यात. कायद्यानं बाईला मत कधीच देऊन टाकलं, पण आमच्या गावात ते बरीच वर्षं नवऱ्याच्या खिशात राहिलं. तिथून ते काढून आणण्याचं काम पहिल्यांदा केलं सगुणाआत्यानं. मी पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. त्यामुळे हक्क, लढा, समता हे शब्द मला लवकर पाठ झाले. आत्याला त्यातला एकही शब्द वापरताना मी ऐकलेलं नाही. तिच्याजवळ एक सुई होती.

सुईची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. एका निवडणुकीत बबनराव बायकोला, हिराबाईला, घेऊन मतदान केंद्रावर आले आणि साहेबांना म्हणाले, "हिला दिसत न्हाई. मदतनीस म्हनून मी बटन दाबतो." रांगेत उभ्या असलेल्या आत्यानं पिशवीतून सुई आणि दोरा काढला आणि हिराबाईच्या हातात दिला.

"ओव."

हिराबाईनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला. सगळी रांग हसली. साहेब बबनरावांना म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा." हिराबाई एकटी आत गेली. बाहेर आली तेव्हा आत्यानं सुई परत घेतली आणि म्हणाली, "बाईनं दिसत न्हाई म्हनायचं न्हाई. कधीच न्हाई."

तेव्हापासून हे वाक्य तिच्या तोंडी बसलं. भाजी निवडताना, बँकेत अंगठ्याऐवजी सही करायला लावताना, कुठल्याही बाईनं "मला काय कळतंय त्यातलं" म्हटलं की आत्याचं उत्तर ठरलेलं.

बबनराव मात्र ती सुई विसरले नाहीत. आमच्या गावात देशी दारूचं दुकान आहे, म्हणजे होतं. दुकानाचा मालक बाहेरगावचा, पण गावात त्याची बाजू सांभाळायचे बबनराव.

दुकान बंद करायचा रस्ता आत्यानं शोधून काढला. गावातल्या बायकांनी मागणी केली की सरकार फक्त बायकांचं मतदान घेतं. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे असं मतदान झालं. आलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी आडवी बाटली निवडली. तरी आम्ही अकरा मतांनी हरलो.

कारण नियम असा, की आलेल्या बायकांच्या निम्म्या चालत नाहीत. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. जी आली नाही ती आपोआप दुकानाची झाली. आणि आमच्या यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली होत्या, वारलेल्या सासवा होत्या. कुणी नावं काढायचा अर्जच दिला नव्हता. त्या संध्याकाळी बबनरावांनी चौकात पेढे वाटले. आत्याच्या हातावरही एक ठेवला. "घ्या आत्या. मेलेल्या बायका बी आमच्याच बाजूनं हायेत."

आत्यानं पेढा खाल्ला. शांतपणे, पूर्ण. दुसऱ्या दिवशी ओतूरला जाऊन यादीची झेरॉक्स आणली.

मग तिचा छंद सुरू झाला. गावातली मुलगी लग्न होऊन निघाली की आत्या आहेर म्हणून पाकीट द्यायची. नवरीची आई खुशीनं ते उघडायची आणि आत नाव सासरच्या यादीत नेण्याचा अर्ज निघायचा. फोटोची जागा सुद्धा भरलेली. आत्यानं लग्नपत्रिकेवरून नवरीचा चेहरा कात्रीनं कापून चिकटवलेला. नवरदेव अर्धवट कानापर्यंत आलेला असायचा. तिकडचा कारकून असला अर्ज घेत नसणार, पण निदान अर्ज असतो एवढं नवरीला कळायचं.

दहाव्याच्या जेवणाला ती वेगळा अर्ज घेऊन जायची. लोक चिडायचे. "अगं, अजून राख थंड झाली न्हाई!" आत्या पान वाढेपर्यंत थांबायची, पण अर्ज भरल्याशिवाय उठायची नाही.

सगळ्यात वाईट वाटायचं ते लग्न झालेल्या मुलींच्या आयांना. या वर्षी दुसऱ्यांदा मतदान मागितलं, तेव्हा मी तिच्याबरोबर घरोघर हिंडले. एका घरात ती आईला म्हणाली, "पोरगी निमगाव सावाला नांदती, मग नाव हितं काय करतंय?"

"असू द्या की आत्या. निवडनुकीला उमेदवाराची गाडी जाती तिला आनायला. तेवढंच माहेर व्हतं पोरीचं."

"आन बाटलीच्या मतदानाला कोन गाडी धाडनार हाय? काढ नाव. पोरीचा नंबर दे. माहेराला मी बोलावीन तिला."

बाई रडली. आत्या थांबली, पदराला हात पुसले, अर्ज पुढे केला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आत्या, जरा हळू बोलायचं."

"हळू बोलून मागच्या टायमाला अकरा मतं गेली."

हे सगळं सोपं चाललं होतं असं समजू नका. मतदान जवळ आलं तसं गाव गप्प व्हायला लागलं. आम्ही आळीत शिरलो की दारं लोटली जायची. एका सकाळी आत्याच्या कांद्याचं रोप पिवळं पडलेलं दिसलं. कुणीतरी तणनाशक मारलं होतं. सगळा वाफा गेला होता. बबनराव बांधावरून जाताना म्हणाले, "आत्या, वय झालं तुमचं. शेताकडं ध्यान द्या राव."

आत्या वाफ्यात उकिडवी बसून एकेक रोप उपटून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "रोप परत टाकता येतं, बबन."

मला त्याच रात्री पत्रक काढायचं होतं. आत्या म्हणाली, "कागद वाया घालवू नको. अर्ज छापून आन."

यादीवर हरकती द्यायला दोन दिवस उरले होते. माझ्याकडे यादीची माझी स्वतःची प्रत होती. मी शेवटची मोजणी करत बसले. एकेक नाव, जिवंत की नाही, गावात की नाही. सातव्या पानावर माझं बोट थांबलं.

दोनशे अठरा. मंगल, वडील तुकाराम, वय एकतीस.

मंगल सगुणाआत्याची मुलगी. मंचरच्या बाजूला दिली होती. सात वर्षांपूर्वी नवऱ्यामागे मोटरसायकलवर बसून येत असताना हायवेवर अपघातात गेली. नवरा प्यालेला होता. तो वाचला. सगळ्या गावाची नावं काढत फिरणाऱ्या बाईनं आपल्या घरातलं नाव तसंच ठेवलं होतं.

आज लिहायला लाज वाटते, पण मला तेव्हा रागच आला. माझ्या पत्रकांत नियम सगळ्यांना सारखा होता. मी यादी घेऊन तिच्या ओट्यावर गेले आणि ते पान तिच्यापुढे आपटलं. "लोकांच्या आयांना रडवलंत तुम्ही, आत्या. आणि हे काय? बबनरावांनी हे चौकात वाचून दाखवलं तर कोण येईल आपल्या मागे?"

आत्यानं पान बघितलं नाही. तिला ते पाठ होतं.

"रेशनकार्डातून नाव काढलं," ती म्हणाली. "बँकेतून काढलं. तिच्या सासरी दुसरी आली, तिथून बी पुसलं. ह्या एका कागदावर ऱ्हायली ती." मग अगदी हळू, "यादीत वय वाढतं गं. दरसालाला एकानं. गेली तवा चोवीसची व्हती. आता एकतीसची झाली. मी रोज बघती, केवढी झाली."

मी पान उचलायला गेले.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "अर्ज आन."

मी म्हटलं, एका नावानं काय होतंय, राहू द्या. ती माझ्यावर ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा. "एका नावानं काय व्हतंय, हे तू म्हनतीस?"

तिनं अर्ज स्वतः भरला. कारणाच्या रकान्यात मृत्यूपुढे खूण केली, नीट, चौकोनाच्या आत. मृत व्यक्तीशी नातं, आई. सही केली. डोळ्यांत पाणी नाही, हात हलला नाही. मला वाटलं, ही बाई लोखंडाची आहे.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेसमोर बस उभी. दुकानाच्या बाजूनं बायकांना फुकट देवदर्शन! बस सातला निघणार होती, मतदान आठला सुरू होणार होतं, आणि परत यायला रात्र होणार होती. निम्मी बस भरलेली. खिडकीतून ओळखीचे चेहरे आमची नजर चुकवत होते. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं. आत्यानं मला बाजूला सारलं, बसच्या दारातल्या पायरीवर जाऊन बसली आणि मांडीवर यादी उघडली. एक, चार, पाच, नऊ. ती नावं वाचू लागली. जी नावं बसमध्ये होती ती जरा मोठ्यानं.

"म्हातारे, ऊठ!" बबनराव खेकसले. "डायवर, काढ गाडी!"

ड्रायव्हर पोरगेलासा होता. त्यानं पायरीवरच्या आत्याकडे बघितलं आणि किल्ली काढून खिशात टाकली. "काका, म्हातारी पडंल. आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

बबनराव आत्याचा दंड धरायला वाकले. तेवढ्यात बसमधून हिराबाई उठली. त्यांचीच बायको. पायरीपाशी आली आणि म्हणाली, "आत्या, सरका. मला उतरायचंय."

"कुटं चाललीस?" बबनराव.

"शाळेत. देव काय पळून जातोय?"

तिच्यामागून एक उतरली, मग तीन, मग सगळ्याच. बबनराव रिकाम्या बसजवळ उभे राहिले.

संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीला निम्म्याच्या वर दोनच मतं जास्त. हलगी वाजली, गुलाल उधळला. आत्या मात्र घरी जाऊन रोपाला पाणी देत होती. नवं रोप उगवून आलं होतं.

काही महिन्यांनी नवी यादी निघाली. मी झेरॉक्स करून, पुठ्ठ्यात बांधून तिला नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिच्या ओट्यावर गेले. तिनं गठ्ठा कपाळाला लावला आणि वाचायला लागली. सहा पानं नेहमीसारखी झाली. सातवं आलं. चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला. मग गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"तू वाच," सगुणाआत्या म्हणाली. "मला दिसत न्हाई."

मी वाचायला लागले. मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. घरोघर हिंडताना यादीबाहेरचा एक शब्द मी कधी वाचला, कुणाच्या नावापुढे नुसतं 'ताई' जोडलं, तरी ती अडवायची. "यादीत न्हाई ते वाचायचं न्हाई."

"दोनशे पंधरा, शकुंतला, नवरा भाऊसाहेब, वय पन्नास," मी वाचलं. पुढचं नाव पुरुषाचं होतं. तिथं मी थांबले आणि यादीत नसलेली ओळ म्हटली.

"मंगल, आई सगुणा, वय बत्तीस."

आत्यानं मला अडवलं नाही.