लुगड्याची साखर

विज्ञान शिकवावं तर मी, असा त्या वर्षी माझा ठाम समज होता. मालवणच्या शाळेत लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. दाजी तांडेलाच्या होडीचं सुती शीड दमट खोपीत कुजलं, तेव्हा मी त्याला ऐटीत समजावलं, "दाजी, बुरशी कापड चावत नाही. ती अंगातून एक रस सोडते. त्या रसाने सुताची साखर होते आणि ती साखर बुरशी पिते."

दाजीने एवढंच ऐकलं, की मास्तर सुताची साखर करतात.

साखर तेव्हा रेशनवर, तीही वेळेवर मिळेना. दुसऱ्या दिवशी शेजारची सुभद्राकाकी दोन जुनी लुगडी घेऊन दारात हजर. "मास्तरांनू, माका अर्धोच शेर व्हयी. चतुर्थी इली."

"काकी, तशी साखर होत नाही."

"दाजीक करून देतास, माका नाय?"

संध्याकाळपर्यंत ओटीवर सात लुगडी, चार धोतरं आणि कुणाची तरी गोधडी जमली. बायको जानकी म्हणाली, "परत देवन येवा." मी ऐकतोय कसला! प्रयोगच करून दाखवला की लोकांचा गैरसमज जाईल, असं मला वाटलं. शिडावरची बुरशी पाण्यात वाढवली, तिचा रस मडक्यात गाळून घेतला आणि त्यात काकीच्या लुगड्याचे धागे भिजत घातले.

बातमी तालुक्याला पोचली. पुरवठा खात्याचे एक साहेब थेट घरी आले. "विनापरवाना साखर बनवता?"

"नाही साहेब."

"मग मडक्यात काय आहे?"

"साखरच. पण..."

साहेबांनी वही उघडली. नोकरी गेली, असं वाटून मी म्हणालो, "थांबा साहेब, आधी तपासून तर बघू." शाळेतून आणलेलं निळं औषध मी नळीत त्या रसात घातलं. साखर असेल तर तापवल्यावर ते लाल होतं. नळी दिव्यावर धरली आणि प्रयोग फसू दे, म्हणून मनातल्या मनात रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, मग विटेसारखं लालभडक.

"साहेब, झाली! लुगड्याची साखर झाली!" मी नाचलोच.

साहेबांनी मडक्याचा वास घेतला आणि नाकाला रुमाल लावला. "किती असेल?"

"एका मुंगीला पुरेल."

त्यांनी वहीत लिहिलं, 'साखर आढळली नाही.'

"आढळली की," मी म्हणालो. "लाल झालंय, बघा ना."

जानकीने मागून माझा सदरा ओढला. "नाय आढळूक," ती साहेबांना म्हणाली. "ह्येंनी सही खंय करूची?"

माझ्या आयुष्यातला एकमेव यशस्वी प्रयोग सरकारदरबारी फसलेला आहे, आणि त्याखाली सही माझीच आहे.